भिंगरूच्या दारातला उजेड

मावळातला पाऊस सांगून जात नाही. नवरात्रात वाटतं गेला, म्हणून आपण गोधड्या उन्हात टाकतो, आणि दुपारी तो लोहगडामागून परत येतो, विसरलेली छत्री न्यायला आलेल्या पाहुण्यासारखा. मग एखाद्या सकाळी खिडकी उघडावी तर धुकं नसतं. डोंगर दोन पावलं पुढे सरकून उभे राहिल्यागत वाटतात. उतारांवर सोनकी पिवळी झालेली असते, खाली खाचरांतलं भात निसवून वाकलेलं असतं, आणि त्या उभ्या पिकाचा वास वाऱ्यावर लोणावळ्यापर्यंत येतो. घरातले म्हणतात, इथे गाड्यांच्या धुराशिवाय कसलाही वास येत नाही, तुझं नाक फार लाडावलेलं आहे. असेल. पण मला येतो, आणि यंदा तो आल्यापासून माझं कामात लक्ष नाही.

कारण त्या वासाबरोबर गेल्या वर्षीची दिवाळी येते, आणि दिवाळीबरोबर भिंगरू.

भिंगरू रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर, शब्दकोड्याच्या वर, चार चौकोनांत राहायचा. अर्धी चड्डी, शर्टाचं एक बटण चुकलेलं, त्यामुळे कॉलरचं एक टोक कानापर्यंत चढलेलं. ओढ्यात खेकडे धरायचा, मास्तरांच्या सायकलची हवा सोडायचा, चिंचेवरून उतरता येत नाही म्हणून झाडावरच जेवायचा. त्याचं बोलणं सगळं डोक्यावरच्या फुग्यात. ही चित्रमालिका काढणारे पडवळ सर आम्हाला लोणावळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. रोज भाज्याहून चालत मळवली स्टेशन, तिथून लोकलने शाळेत. मी पहिलीत होते तेव्हा भिंगरू नऊ वर्षांचा होता. मी नऊची झाले तेव्हा वाटलं, आता आपण बरोबर मोठे होऊ. त्याने काही साथ दिली नाही. मी दहावी झाले, पुण्याला गेले, माझे केस पिकायला लागले, आणि तो आपला नऊचाच.

मी कार्टून फिल्मांसाठी मागची चित्रं काढते. माणसं दुसरे काढतात. ती ज्या घरांपुढून पळतात ती घरं, झाडं, आभाळ माझं. या कामात एक सुख आहे, कुणी आपल्याकडे बघत नाही. पुण्यातल्या आमच्या स्टुडिओला गेल्या वर्षी एका वाहिनीने विचारलं, भिंगरूवर दिवाळीसाठी अर्ध्या तासाची फिल्म कराल का. सर जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. दिग्दर्शक रोहन वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, उत्साही, आणि मावळ म्हणजे धबधबे एवढंच ठाऊक असलेला. तो म्हणाला, "ताई, सरांच्या बायको भाज्यातच असतात ना? तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. परवानगी तुम्हीच काढायची."

श्रावणातला शनिवार निवडला, ही माझी चूक. मळवलीपासून भाज्यापर्यंत पुण्या-मुंबईच्या ओल्या माणसांची रांग लागलेली. लेण्यांकडे जाणारे, धबधब्याखाली उभे राहून ओरडणारे, कणसं खाणारे. काकूंचं घर त्याच रस्त्याच्या थोडं आत. त्या दारात बसून तांदूळ निवडत होत्या. नऊवारी, बारीक अंगकाठी, आणि ऐकू छान यायचं, मी फाटकाशी चप्पल काढली तर मान वर न करताच म्हणाल्या, "कोन हाय? पानी पायजे आसंल तर रांजणातलं घ्या." त्यांना मीही धबधब्यावालीच वाटले.

नाव सांगितलं, शाळा सांगितली. मग चहा झाला. मी भिंगरूची चित्रं जमिनीवर मांडली. फिल्म करताना एखाद्या पात्राला सगळ्या बाजूंनी काढून ठेवावं लागतं, समोरून, बाजूने, मागून, म्हणजे दहा जणांनी काढला तरी तो एकच मुलगा दिसतो. समोरून आणि बाजूने भिंगरू आमच्याकडे भरपूर होता. मागून एकही नव्हता. इतक्या वर्षांच्या रविवारांत सरांनी त्या मुलाची पाठ कधी काढलीच नव्हती. पळतानासुद्धा तो आपल्याकडेच पळत यायचा.

"काकू, सरांनी त्याला मागून कसं कधी काढलं नाही?"

काकूंनी सूप बाजूला ठेवलं. "मागनं कशाला काढतील? मागनं बघितलं की पोर चाललंय आसं वाटतं."

मग त्यांनी सांगितलं, अगदी साध्या आवाजात, चहात साखर किती घालायची ते सांगावं तसं. भिंगरू म्हणजे त्यांचा महेश. एकुलता एक. नऊ वर्षांचा होता तेव्हा भर पावसाळ्यात तापाने गेला. सरांनी दोन महिने हातात पेन्सिल धरली नाही, आणि मग एक दिवस चार चौकोन आखून त्यात त्याला ओढ्यावर बसवलं. अख्ख्या भाज्याला हे माहीत होतं. लोणावळ्याच्या शाळेत, जिथे आम्ही दर सोमवारी सरांभोवती कोंडाळं करून "सर, पुढच्या रविवारी भिंगरू काय करणार?" असं विचारायचो, तिथे कुणालाही माहीत नव्हतं. ते हसून म्हणायचे, "त्यालाच विचारायला पाहिजे."

"मागं दोन भोवरे हुते त्याला," काकू म्हणाल्या. आणि माझ्या डोक्यावर बोट टेकवून त्यांनी जागा दाखवली. "ह्यो एक हितं, आन् ह्यो हितं. दोन भोवरे म्हंजी दोन बायका करनार, म्हून समदी चिडवायची. लय रडायचा. म्हनायचा, मला एक बी नगं."

ते बोट खरखरीत होतं आणि अगदी अचूक जागेवर टेकलं होतं. अजूनही कधी केस विंचरताना मला ती जागा कळते.

परवानगी मिळाली असं समजून मी कागद गोळा करायला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, "ह्यो टीव्हीत बोलनार का?"

"हो. आवाजासाठी एखादा चांगला मुलगा शोधतोय आम्ही. मावळातलाच बघू."

"आवाज नगं."

बाहेर कुणीतरी गाडीचं गाणं मोठं केलं होतं, ते लांब जाईपर्यंत त्या थांबल्या. "पळवा त्याला. नाचवा. झाडावर चढवा. बोलू नगा दिऊ. हे बघ, फोटू पेटीत हाय. कापडं हायेत. आवाज कुटं ठेवायचा मी? त्यो हितं हाय," त्यांनी कानामागे हात नेला, "आन् त्यो बी आता रोज येत न्हाई. चूल पेटवताना, न्हाईतर काय तळताना कवातरी येतो. तुमच्या पोराचा आवाज एकदा कानात बसला, की माझा जायाचा. मग मी काय करू?"

मी हातातल्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, आवाज नाही.

तिथून पुण्याला स्टुडिओत परतताना लोकलमध्ये मी सरांचा आवाज आठवून बघितला. हात आठवले, नखांत अडकलेली शाई आठवली, खडू मोडल्यावर दोन्ही तुकडे खिशात ठेवायची सवय आठवली. ते वर्गात सारखं म्हणायचे, "आधी बघ, मग काढ." शब्द आठवले, पण आवाज माझाच. मी डोळे मिटून, खिडकीला कपाळ टेकून पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. वडगाव गेलं, तळेगाव गेलं. मग मी माझ्या वडिलांचा आवाज आठवायचा प्रयत्न केला, आणि भीतीच वाटली म्हणून अर्ध्यात सोडला. चेहरे राहतात, आवाज सगळ्यात आधी जातो, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. काकूंना ते रोज दिसत होतं, आणि उरलंसुरलं त्या मुठीत धरून बसल्या होत्या.

रोहनला सांगितलं तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला. "हिरो मुका? ताई, दिवाळीच्या फिल्ममध्ये हिरो मुका? वाहिनीवाले मला फटाक्याला बांधतील." दोन दिवस तो माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलापाशी चहा घेऊन आला. सरांची जुनी कात्रणं रात्री घरी घेऊन गेला होता म्हणे. "हा मुलगा बोलायचा कसा? फुग्यात. मग फुग्यातच बोलू दे. बाकी सगळ्यांना आवाज, गाय हंबरेल, मास्तर ओरडतील, फटाके वाजतील. हा एकटा फुग्यात बोलेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आई-बाप वाचून दाखवतील, तेवढंच पोरांशेजारी बसतील." मला त्या क्षणी त्या पोराचा मुका घ्यावासा वाटला. वाहिनीवाल्यांनी कुरकुर केली, पण वेळ कमी होता, आणि त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

मग माझं काम सुरू झालं. भाद्रपदभर मी भाजं काढत होते, पण आत्ताचं भाजं माझ्या काही उपयोगाचं नव्हतं. सरांच्या चौकोनांत बंगले नाहीत, पार्किंगचे फलक नाहीत, एक्स्प्रेस वेची ती अखंड घरघर नाही. तिथे चिंच आहे. खऱ्या भाज्यात त्या जागी एका पुणेकराच्या फार्महाऊसचं फाटक आहे. ओढा आहे, खरा ओढा आता पाइपात गेलाय. मी काकूंना फोन करून विचारायची, चिंचेपलीकडे काय होतं? त्या म्हणायच्या, "गोठा. त्याला लागून खळं. खळ्यात दगड हुता, त्याच्यावर बसायचा ह्यो." मी गोठा काढायची, खळं काढायची, दगड काढायची, आणि दगड रिकामा सोडायची, कारण मुलगा काढणं माझं काम नव्हतं. सगळ्यात अवघड असतं ते रिकामं अंगण. फार स्वच्छ काढलं तर तिथे कधी कुणी नव्हतंच असं वाटतं. म्हणून मी कोपऱ्यात गोटी ठेवायची, भिंतीवर हाताचा मळका ठसा ठेवायची. संध्याकाळी संगणकाचा पडदा बंद करताना उगाच वाटायचं, आपण निघालो की इथे कुणीतरी येतं.

दुसऱ्या खोलीत एक मुलगी भिंगरूची पाठ काढत होती, दोन भोवऱ्यांसकट. फिल्ममध्ये एकाच ठिकाणी तो पाठमोरा होता. ते दृश्य मी तिच्या खांद्यावरून बघितलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. काकूंचं खरं होतं, पोर चाललंय असंच वाटत होतं.

इथे फिल्मची गोष्ट सांगायला हवी. सरांनी दर दिवाळीच्या रविवारी एकच विनोद थोडाथोडा बदलून केला होता. भिंगरूच्या घरी फराळ कधीच होत नाही. अख्ख्या गावातून त्याच्या दारात ताटं येतात. कुणाच्या चकल्या वाकड्या, कुणाच्या लाडवांनी दात हलतो, आणि भिंगरू उंबऱ्यावर बसून प्रत्येक ताटावर शेरा मारतो. आई चौकोनात कधी दिसत नाही. ती आत असते. दारातून तिचा फुगा तेवढा बाहेर येतो. आम्ही लहानपणी हसून लोळायचो. आमच्या घरी करंज्या करायचा कंटाळा आला की माझी आई म्हणायची, यंदा भिंगरूच्या आईसारखं करते. रोहनने यावरूनच गोष्ट रचली. या दिवाळीला ताटं येत नाहीत, कारण ज्याला त्याला वाटतं दुसऱ्याने दिलं असेल. मग भिंगरू स्वतः दारोदार जातो, प्रत्येक घरातून थोडं थोडं घेतो, आणि शेवटी भरलेलं ताट घेऊन आपल्या दाराशी येतो.

नवरात्र संपल्यावर मी कच्ची फिल्म लॅपटॉपवर घेऊन भाज्याला गेले. भातं पिवळी पडायला लागली होती, धबधबेवाले ओसरले होते, रस्ता पुन्हा गावाचा झाला होता. शेजारच्या तारामावशी, काकूंच्याच वयाच्या, पण त्यांच्या दुप्पट बोलणाऱ्या, त्याही येऊन बसल्या. शेवटचा भाग अजून झाला नव्हता, त्यामुळे सुरुवातीची पाच-सहा मिनिटं दाखवली. भिंगरू पळाला, तारामावशी हसल्या. भिंगरू खळ्यातल्या दगडावर बसला, काकूंचा हात तोंडाशी गेला. मग त्याचं घर आलं. त्या घरावर मी जीव ओतला होता. दारात आकाशकंदील टांगला होता, जुन्या पद्धतीचा, काड्यांचा, केशरी कागदाचा, खाली लांब झिरमिळ्या. दिवाळीच्या फिल्ममध्ये घर काढायचं तर हात आपसूक कंदिलाकडे जातो.

काकूंनी पडद्यावर बोट टेकवलं. "ह्यो कुनी लावला?"

"मी," म्हणाले. मला वाटलं कौतुक आहे.

तारामावशींनी काकूंच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि तेव्हा मला कळलं की काहीतरी चुकलंय.

"महेश गेला त्या साली कंदील न्हवता," काकू म्हणाल्या. "कसा आसंल? कढई बी चढली न्हवती."

एवढंच. पुढचं माझं मलाच कळत गेलं. घरात माणूस गेलं की त्या वर्षी दारात कंदील लागत नाही, घरात तळण होत नाही. शेजारीपाजारी फराळाची ताटं आणून देतात, फार न बोलता, उंबऱ्याशी ठेवून जातात. आमच्याही घरी आजोबा गेले त्या वर्षी असंच झालं होतं. हे मला माहीत होतं, रोहनच्या आईला माहीत असणार, पुरवणी वाचणाऱ्या प्रत्येक घराला माहीत होतं. तरी आम्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण समोर विनोद होता. भिंगरूच्या दारात दर दिवाळीला ताटं यायची ती आई आळशी होती म्हणून नव्हे. सरांनी त्या घरात एकच दिवाळी धरून ठेवली होती, आणि तिच्यात त्या मुलाला उंबऱ्यावर बसवलं होतं, ज्याच्या जाण्याने ती ताटं आली होती. एवढी वर्षं आम्ही दुखवट्याच्या घराला हसत होतो.

मला तिथेच रडू आलं. मी लॅपटॉप मिटला. तारामावशींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तुला काय ठावं, पोरी."

"वरीस सरलं की लावायचा आसतो," काकू सांगत होत्या, माझ्याकडे न बघता. "ह्ये म्हनले, फुडल्या साली लावू. फुडल्या साली बी त्येच. मग मी इचारायचंच सोडलं. ही तारी आजून ताट आनती. हिच्या सुना हासत्यात हिला."

"हासू दे," तारामावशी म्हणाल्या. "सवय झाली हाताला."

उठताना काकू म्हणाल्या, "कंदील काढ त्यो. त्याला वळखू यायचं न्हाई घर."

कुणाला, असं मी विचारलं नाही.

कंदील काढणं हे कामाच्या दृष्टीने काहीच नाही. आम्ही चित्र थराथराने काढतो, भिंत एका थरावर, झाड दुसऱ्यावर, कंदील त्याच्याही वर. मी कंदिलाचा थर पुसला आणि घराचं नवं चित्र छापून घेतलं, काकूंना दाखवायला. वसुबारसेच्या दोन दिवस आधी, फिल्म जवळजवळ पुरी झाली असताना, मी पुन्हा भाज्याला गेले. दुपार होती. त्या दारातच होत्या. त्यांनी चित्र मांडीवर घेतलं, चष्मा लावला, आणि ते दारातल्या उन्हाकडे वळवलं.

"कंदील काढलास," मग म्हणाल्या. "मग ह्यो उजेड कशाचा?"

मी वाकून बघितलं. कंदील नव्हता, पण त्याचा उजेड होता. तो मी कधीच वेगळ्या थरावर ठेवत नाही. संगणकाने पाडलेला उजेड मला खोटा वाटतो, म्हणून भिंत रंगवतानाच मी तो भिंतीत रंगवते. आमच्या धंद्यातल्या कुणाचीही व्हावी अशी ही चूक. वस्तू काढून टाकायची आणि तिचा उजेड विसरायचा. दाराच्या चौकटीवर, उंबऱ्यावर, अंगणातल्या दोन फरश्यांवर केशरी रंग पसरला होता, आणि वर टांगलेलं काही नव्हतं.

"चुकून राहिला, काकू. आजच काढते. एका तासाचं काम आहे."

काकूंनी चित्र माझ्या हातात परत दिलं नाही. त्यांनी अंगठा उंबऱ्यावरून हळूहळू फिरवला, रंग हाताला लागतो का बघावं तसा.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "कंदील नगं. पर ह्यो ऱ्हाऊ दे. त्याला उंबरा दिसंल."

मी रोहनला फोन करून सांगितलं की घर आहे तसंच राहील. तो म्हणाला, "ताई, प्रेक्षक विचारतील उजेड कुठून येतोय." मी म्हटलं, विचारू दे. नंतर कुणीही विचारलं नाही.

परवा तारामावशींचा फोन आला होता, यंदा ती फिल्म पुन्हा लावणार आहेत का म्हणून. मी म्हटलं, लावतील बहुतेक. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो भाताचा वास घरभर होता. मी सध्या कुठल्याशा परक्या शहराची चित्रं काढतेय, उंच इमारती, हजारो खिडक्या. प्रत्येक खिडकीत पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका देताना मी थांबते. आत कुणी असेल का, हे आपल्याला माहीत नसताना आपण खुशाल उजेड देत सुटतो. पूर्वी मी असा विचार करत नव्हते आणि कामं वेळेत व्हायची.

गेल्या वर्षी फिल्म लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी लागणार होती. काकूंनी बोलावलं होतं. मी मळवलीला उतरून चालत गेले. भाज्यात घराघरांवर कंदील होते, चिनी झगमगते आणि दिव्यांच्या माळांचे. काकूंच्या दारात नव्हता. पण फाटक उघडलं आणि मी थबकले, कारण आतून तळणाचा वास येत होता. माझ्यामागून तारामावशी ताट घेऊन आल्या, वरून रुमाल झाकलेलं, आणि त्याही तिथेच थांबल्या. त्यांनी वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं, आणि ताट तसंच हातात धरून आत शिरल्या.

"सुमन, काय चाललंय गं?"

"चकल्या," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. "मोडत्यात. हात बसला न्हाई आजून. तुमी बसा तितं, टीव्ही लावा."

तारामावशींनी ताट कोनाड्यात ठेवलं, पदर डोळ्यांना लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा असेल, एक शब्दही न बोलता बसल्या. काकू बाहेर आल्या नाहीत. मी दोनदा हाक मारली. "घाना कढईत हाय," त्या म्हणाल्या. "तुमी बघा. मला हितनं ऐकू येतंय." टीव्ही स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावून होता, आतून त्याचा आवाज पोचत होता, चित्र दिसणं शक्य नव्हतं. शेवटचा भाग त्यांनी पाहिलेला नव्हता. तो कसा आहे हे मी त्यांना सांगितलंही नव्हतं, कारण त्याच्याबद्दल बोलायची माझी हिंमत झाली नव्हती.

फिल्म सुरू झाली. गाय हंबरली, मास्तर ओरडले, फटाके वाजले. भिंगरू दारोदार फिरला, त्याचे फुगे येत-जात राहिले, तारामावशी पुटपुटत वाचत होत्या. मग तो एकेक घर मागे टाकत आपल्या वाटेला लागला. तीच ती पाठ. दोन भोवरे. रोहनने इथून सगळे आवाज एकामागून एक बंद केले होते, आधी फटाके, मग माणसं, मग वारा, आणि भिंगरू उंबऱ्याशी पोचेपर्यंत टीव्हीतून काहीच ऐकू येत नव्हतं. भाज्यातलेही फटाके नेमके थांबले होते. आतल्या तेलाची चरचर तेवढी होती. दारात कंदील नव्हता. भिंतीवर, उंबऱ्यावर उजेड होता. भरलेलं ताट घेऊन भिंगरू त्या उजेडात उभा राहिला आणि त्याने मान वर केली. त्याच्या डोक्यावर फुगा आला. फुग्यात एकच शब्द होता, आये. आईचं उत्तर आम्ही ठेवलं नव्हतं; तिला कुणाचा आवाज द्यायचा ते शेवटपर्यंत ठरलं नाही, म्हणून फिल्म तिथेच संपत होती.

"आले रे," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

तारामावशींनी माझं मनगट धरलं. पडद्यावर तो मुलगा अजून दाराकडे बघत उभा होता. आणि आत गॅस बंद केल्याचा आवाज आला.